बघ्या आणि निरीक्षक



रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास परीक्षानळीतील द्रवाचा रंग डोळ्यांनी पाहता येतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास पान हातात घेऊन त्याच्या शिरा मोजता येतात. मानसशास्त्राच्या अभ्यासकाची अडचण अशी की, ज्या मनाचा अभ्यास करावयाचा ते मन त्याला कधीच दिसत नाही. राग दिसत नाही, आवळलेली मूठ दिसते. लज्जा दिसत नाही, खाली वळलेली मान दिसते. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याविषयी काही बोलणे हा या शास्त्राचा व्यवसाय होय. आणि म्हणूनच ‘पाहणे’ या साध्या क्रियेची जितकी काळजी या शास्त्राने घेतली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी घेतली असेल.

प्रारंभी हा मार्ग वेगळा होता. १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तेव्हा अंतर्निरीक्षण हे तिचे एक मुख्य साधन होते. प्रशिक्षित मनुष्याने स्वतःच्या मनात काय चालले आहे ते स्वतःच पाहावे आणि सांगावे, अशी ही पद्धत. परंतु दोन माणसांनी आपापल्या मनाविषयी परस्परविरुद्ध सांगितले तर खरे कोणाचे मानावयाचे? आणि तान्हे मूल, मुका प्राणी किंवा भ्रमिष्ट झालेला रुग्ण यांनी काय सांगावे? १९१३ साली अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी अंतर्निरीक्षण टाकून द्यावे आणि केवळ बाह्य वर्तनाचा अभ्यास करावा, असे ठामपणे मांडले. त्यांचे सर्वच म्हणणे पुढे टिकले नाही; विचार, स्मृती, कल्पना हे विषय मानसशास्त्रात सन्मानाने परत आले. तथापि, दुसऱ्यास पडताळून पाहता येईल अशी नोंद हवी, हा त्यांचा आग्रह मात्र कायमचा रुजला.

मग असा प्रश्न निघेल की, वर्तनाचा अभ्यास प्रयोग करूनच का करू नये? प्रयोगात एक गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात आणि परिणाम मोजावा, म्हणजे कार्यकारणभाव कळतो. हे खरे. पण मानवी जीवनातील कित्येक प्रसंग असे आहेत की, ते कोणा शास्त्रज्ञास घडवून आणता येत नाहीत आणि येत असले तरी त्याने ते आणू नयेत. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रलयंकर भूकंप झाला. त्यानंतर लोकांत ज्या अफवा उठल्या त्या जमुना प्रसाद या भारतीय मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा तऱ्हेच्या त्या अफवा होत्या. नवल असे की, ज्यांना धक्का जाणवला परंतु ज्यांच्या डोळ्यांसमोर फारसा विध्वंस झाला नाही अशा लोकांत या भयंकर भविष्यवाण्या पसरल्या होत्या. पुढे १९५० साली दार्जिलिंग येथे दरडी कोसळून मोठी हानी झाली. तेथील लोकांच्या बोलण्याचा दुर्गानंद सिन्हा यांनी अभ्यास केला. विध्वंस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला त्यांच्यात तशा अतिरंजित अफवा आढळल्या नाहीत. भीती तर वाटते आणि भीतीचे कारण मात्र दिसत नाही, अशा स्थितीत मन स्वतःच कारण निर्माण करते, असा अर्थ अमेरिकेतील लिऑन फेस्टिंजर यांनी यावरून काढला, आणि त्यांच्या १९५७ सालच्या प्रसिद्ध सिद्धांतास या भारतीय नोंदींचा मोठा आधार मिळाला. भूकंप कोणी घडविला नव्हता. तो घडला तेव्हा कोणीतरी वही घेऊन तयार होता, एवढेच.

आता या ‘वही घेऊन तयार असण्या’त नेमके काय येते ते पाहू. पहिली आणि सर्वांत कठीण गोष्ट ही की, जे दिसले ते आणि त्यावरून जे ठरविले ते, या दोहोंमध्ये रेघ ओढता आली पाहिजे.

वर्गातील अगदी नित्याचे उदाहरण घ्या. एक मुलगा खिडकीबाहेर पाहत आहे. त्याच्या नावापुढे शेरा पडतो: ‘अभ्यासात लक्ष नाही.’ या शेऱ्यात पाहिलेले काहीच नाही. सगळे ठरविलेले आहे. पाहिलेले असे लिहावे लागेल: ‘दुसऱ्या तासास, ११ वाजून २० मिनिटांपासून चार मिनिटे मान उजवीकडे. पेन्सिल हातात. प्रश्न विचारताच उभा राहिला, उत्तर बरोबर दिले.’ हा मुलगा कदाचित मनातल्या मनात गणित मांडीत असेल. कदाचित सकाळी काही न खाता आला असेल. कदाचित त्यास उजव्या कानाने कमी ऐकू येत असेल आणि डावा कान शिक्षकांकडे करण्यासाठी तो मान फिरवीत असेल! ‘लक्ष नाही’ असे एकदा लिहिले की या साऱ्या शक्यतांची दारे बंद होतात. प्रगतिपुस्तकातील तो तीन शब्दांचा शेरा घरी जातो, वडील वाचतात, मूल स्वतः वाचते, आणि पुढील वर्षाच्या शिक्षकांना ते मूल भेटण्याआधीच त्याची ओळख झालेली असते. कोणाविषयी काय लिहावे हा या शास्त्रात केवळ भाषाशैलीचा प्रश्न नाही.

चार्ल्स डार्विन यांचे नाव तुम्ही उत्क्रांतिवादाच्या पाठात वाचले आहे. त्यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या वर्तनाच्या नोंदी त्याच्या जन्मापासून, म्हणजे १८३९ च्या डिसेंबरपासून, ठेवल्या होत्या. त्यांवर आधारलेला लेख त्यांनी थेट १८७७ साली छापला. मुलास राग प्रथम केव्हा आला, हे ठरवू पाहताना त्यांनी असे नमूद केले आहे की, आठव्या दिवशी रडण्यापूर्वी बाळाच्या कपाळास आणि डोळ्यांभोवती आठ्या पडल्या. परंतु ते रागामुळे नसून वेदनेमुळेही असू शकेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ, स्वतःचे मूल, डोळ्यांसमोर पडलेल्या आठ्या, आणि तरीही ‘राग’ हा शब्द लिहिताना त्यांची लेखणी थांबली. निरीक्षणाचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

आपल्या सौंसर तालुक्यातील जामसावळीचा विचार करा. पिंपळाखाली निद्रिस्त अवस्थेतील हनुमंताची मूर्ती असलेले हे स्थान दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे, आणि मनाच्या व्याधीने त्रस्त झालेल्या माणसांना त्यांचे नातलग तेथे श्रद्धेने घेऊन येतात. समजा, एखादी स्त्री केस मोकळे सोडून डोके घुमवीत आहे. शेजारी उभा असलेला भाविक म्हणतो, ‘हिला बाधा झाली आहे.’ शहरातून आलेला सुशिक्षित पाहुणा हलक्या आवाजात म्हणतो, ‘हा वेडाचा झटका आहे.’ आपणांस वाटते की, पहिला अंधश्रद्ध आणि दुसरा शास्त्रीय. परंतु निरीक्षणाच्या कसोटीवर दोघेही सारखेच नापास होतात. कारण बाधाही दिसली नाही आणि वेडही दिसले नाही. दिसले ते इतकेच की, डोके किती वेळ घुमत होते, आरतीचा घंटानाद सुरू झाल्यावर वेग वाढला की नाही, कोण जवळ आल्यावर ती थांबली, नंतर तिने पाणी मागितले काय, नातलगांना नावाने ओळखले काय. या नोंदी एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाती पडल्या तर त्यांतून उपचाराची दिशा निघू शकते. ‘बाधा’ या शब्दातून ती निघत नाही आणि नुसत्या ‘वेड’ या शब्दातूनही निघत नाही.

येथे एक पथ्य सांगितलेच पाहिजे. अशा ठिकाणी दुःखी मनुष्याकडे टक लावून पाहणे, त्याचे छायाचित्र काढणे किंवा त्याचे नाव वहीत लिहिणे हे निरीक्षण होत नाही. तो निव्वळ आगाऊपणा होय. वरील उदाहरण विचारासाठी दिले आहे; वह्या घेऊन तेथे जाण्यासाठी दिलेले नाही.

दिसले ते आणि ठरविले ते यांत भेद केला, तरी दुसरा प्रश्न उरतोच: किती वेळ पाहिले, आणि कोणती वेळ निवडली? शितावरून भाताची परीक्षा, अशी आपली म्हण आहे. स्वयंपाकघरात ती अगदी खरी आहे, कारण एका पातेल्यातील सर्व शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसे तशी शिजत नाहीत. एकच मूल मधल्या सुट्टीत एक असते आणि गणिताच्या तासाला दुसरे. म्हणून निरीक्षक आपणांस सोयीची वेळ निवडीत नाही. तो आधीच वेळा ठरवून टाकतो आणि त्या वेळी जे घडत असेल ते लिहितो. यास कालनमुना पद्धती म्हणतात. अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टेन या विदुषींनी १९३२ साली प्रसिद्ध केलेला बालवाडीतील मुलांचा अभ्यास या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. खेळाच्या वेळी त्या एका मुलाकडे एक मिनिट पाहत, नोंद करीत, मग दुसऱ्याकडे वळत. आणि हा क्रम दिवसामागून दिवस चाले. भांडण कोठे जुंपले म्हणून तिकडे धावायचे नाही, कोणी गोड हसले म्हणून तेथे रेंगाळायचे नाही. या शिस्तीमुळेच त्यांना मुलांच्या खेळाचे सहा प्रकार वेगळे करता आले: काहीच न करणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्याचा खेळ नुसता पाहत राहणे, शेजारी बसून पण आपापले खेळणे, मिसळून खेळणे आणि ठरवून एकजुटीने खेळणे. यांतील तिसरा प्रकार ध्यानात ठेवावा. नुसता पाहणारा, म्हणजे आपल्या भाषेत ‘बघ्या’, हाही काहीतरी करीतच असतो आणि त्याचीही गणना करावी लागते.

आता ज्या प्रसंगामुळे आपल्या पांढुर्ण्याचे नाव दरवर्षी सर्वतोमुखी होते त्याकडे या दृष्टीने पाहू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरकडे मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करीत असतात त्याच दिवशी, जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यास झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. आणि दोहोंकडून गोटमार सुरू होते. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीस पळवून नेताना नदीत दोहोंकडून दगड आले, अशी दंतकथा सांगतात. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात नेला जातो. शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर कित्येकांचे प्राण गेले आहेत. शासनाने अनेक उपाय केले. दगडांच्या ऐवजी रबरी चेंडू देण्याचाही एक प्रयत्न झाला. लोक पुन्हा दगडांकडेच वळले.

बाहेरच्या वर्तमानपत्रांत आणि आता दूरचित्रवाणीवर या दिवसाचे जे वर्णन येते त्याचा कर्ता बहुधा ‘पांढुर्ण्याचे लोक’ असा असतो. पांढुर्ण्याचे लोक दगड मारतात. पांढुर्ण्याचे लोक ऐकत नाहीत. निरीक्षकाने प्रथम या कर्त्यावरच बोट ठेवावे. दोन्ही काठांवर आणि घरांच्या गच्च्यांवर जमलेल्या माणसांपैकी एका ठराविक क्षणी किती जणांच्या हातात दगड होता? किती जण नुसते उभे होते? किती जण ढोल वाजवीत होते, किती जण ओरडून प्रोत्साहन देत होते, किती जण जखमीस उचलून नेत होते? कॅमेरा दगड उडतो तिकडे वळतो, कारण त्याचा तो धंदाच आहे. उभ्या असलेल्या माणसाचे चित्र कोण पाहणार? परिणामी, दिवसातील सर्वांत भयंकर मिनिट हे साऱ्या दिवसाचे चित्र ठरते, आणि तो एक दिवस साऱ्या गावाचा स्वभाव ठरतो. शिताची परीक्षा, आणि तेही मुद्दाम निवडून काढलेल्या शिताची!

योग्य रीत अशी की, उंच आणि सुरक्षित जागेवरून, सकाळपासून सायंकाळपर्यंत, दर दहा मिनिटांनी, दोन्ही काठांच्या त्याच त्या भागाचे छायाचित्र घ्यावे आणि नंतर शांतपणे बसून प्रत्येक चित्रातील माणसे प्रकारवार मोजावी. अलीकडे बंदोबस्तासाठी कॅमेरे लावले जातात. त्यांतून हे काम अधिकच सोपे व्हावे. अशा मोजणीमुळे केवळ गावाचा बचाव होईल असे मात्र कोणी समजू नये. कदाचित दगड मारणारे थोडे आणि पाहणारे पुष्कळ, असे निघेल. पण मग त्या पाहणाऱ्यांना विचारावे लागेल की, तुमची संख्या वाढली म्हणजे दगडांची संख्या वाढते की नाही? बघे नसते तर हा खेळ तासभर तरी चालला असता काय? हा आरोप करण्याची गरज नाही. तोही मोजून पाहता येण्याजोगा प्रश्न आहे. प्रत्येक चित्रातील बघ्यांची संख्या आणि मारणाऱ्यांची संख्या शेजारी शेजारी मांडली की, दोन्ही बरोबरीने चढतात काय ते दिसेल. बरोबरीने चढली म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे लगेच सिद्ध होत नाही. दुपार झाली म्हणून दोन्ही वाढले असतील. प्रयोगाच्या तुलनेने निरीक्षणाची हीच मर्यादा होय. तरी निदान कोणता प्रश्न पुढे विचारावा ते कळते.

त्याचप्रमाणे, हे दोन गावांचे वैर आहे, असे जो म्हणतो त्याला निरीक्षकाने विचारावे की, ते वैर इतर दिवशी कोठे जाते? वैर असेल तर ते बाजारात, लग्नसंबंधात, शाळेच्या बाकावर कोठे तरी दिसले पाहिजे. वर्षाचे उरलेले दिवस ती नदी ओलांडून भाजीपाला येतो, लेकीसुना येतात, विद्यार्थी येतात. उलट, ही केवळ श्रद्धा आहे, असे जो म्हणतो त्याने हे सांगावे की, दगड मारणारे आणि देवीस नवस बोलणारे हे एकच लोक आहेत की निराळे. रुग्णालयातील जखमींच्या नोंदी हाही एक पुरावा आहे. पण जखमींची संख्या म्हणजे मारणाऱ्यांची संख्या नव्हे, आणि गच्चीवर उभा असलेला मुलगाही त्या यादीत असू शकतो. निरीक्षकाने तटस्थ राहावे, याचा अर्थ त्याने जखमेस जखम आणि मृत्यूस मृत्यू म्हणू नये असा कोणी करू नये. उलट, हा दिवस रक्ताविना पार पडावा अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांनाच या मोजणीची सर्वांत अधिक गरज आहे. कारण ज्याने दगड उचलला तो कोणासाठी उचलतो हे कळल्याशिवाय त्याच्या हातून तो खाली ठेवविता येणार नाही. (विद्यार्थ्यांनी मात्र त्या दिवशी नदीपात्राकडे फिरकू नये. पाहणाऱ्यासही दगड लागतो.)

इतका वेळ आपण ज्याच्याकडे पाहावयाचे त्याविषयी बोललो. पाहणाऱ्याचे काय? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा फार गाजला. त्यास बेरीज विचारली की तो खूर आपटून बरोबर उत्तर देई. १९०४ साली त्याची तपासणी करण्यासाठी एक समिती बसली. तिला लबाडी काही सापडली नाही. नंतर ओस्कार फुंग्स्ट यांनी चिकाटीने निरीक्षण केले आणि १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्यास दिसत नसेल, तर हान्सला उत्तर येत नसे. खुरांचे ठोके बरोबर आकड्यास पोहोचताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई. घोडा ती हालचाल पाहून थांबे. घोड्यास गणित येत नव्हते, परंतु माणसांचे निरीक्षण उत्तम येत होते! सर्व विद्वान घोड्याकडे पाहत राहिले आणि घोडा त्यांच्याकडे.

हान्सच्या गोष्टीस आपण हसतो. पण १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल व केर्मिट फोड यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचून शिक्षकास तरी हसू येऊ नये. काही विद्यार्थ्यांना त्यांनी उंदीर दिले आणि सांगितले की, हे चक्रव्यूहातून वाट काढण्यात हुशार वाणाचे आहेत. दुसऱ्यांना सांगितले की, तुमचे उंदीर मंद वाणाचे आहेत. वास्तविक सर्व उंदीर सारखेच होते. तरीही ‘हुशार’ उंदरांची कामगिरी ‘मंद’ उंदरांहून सरस नोंदली गेली. उंदरांची ही गत, तर ज्या मुलास आरंभीच ‘मठ्ठ’ म्हणून हाती दिले त्याची काय होत असेल?

या दोषावर शास्त्राने जे औषध काढले आहे ते साधे आहे. दोन निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता एकाच वेळी नोंद करावी आणि मग ती ताडून पाहावी. त्यापूर्वी शब्दांचे अर्थ पक्के ठरवावे. ‘भांडण’ म्हणजे काय? अंगाला हात लागला पाहिजे की नुसती शिवी पुरे? वस्तू हिसकावली पण दोघेही हसत होते तर? हे आधी लिहून ठेवले नाही तर एक जण ज्यास भांडण म्हणतो त्यास दुसरा मस्ती म्हणेल. समजा, ४० मिनिटांपैकी ३२ मिनिटांची नोंद दोघांची सारखी आली, तर एकमत शेकडा ८० झाले. हा आकडा चांगला वाटतो. पण त्यातही एक फसगत आहे. जो मुलगा ४० पैकी ३६ मिनिटे शांत बसतो त्याच्याबाबत एखाद्या निरीक्षकाने डोळे मिटून प्रत्येक मिनिटापुढे ‘शांत’ असे लिहिले, तरी त्याचे शेकडा ९० बरोबर येईल! केवळ योगायोगाने जुळणारे एकमत वजा करून खरे एकमत काढण्याची रीत १९६० साली जेकब कोहेन यांनी सुचविली आणि ती आजही वापरात आहे. तिचे सूत्र महाविद्यालयात गेल्यावर शिका. तत्त्व मात्र आताच समजण्यासारखे आहे.

शाळातपासनीस वर्गात आले की वर्ग कसा होतो, हे तुम्हांस मी सांगावयास नको. पाहिले जात आहे ही जाणीवच वर्तन बदलते. यावर एक उपाय म्हणजे इतके दिवस तेथे बसणे की लोकांना आपली सवय होऊन जावी. दुसरा उपाय त्यांच्यातलेच एक होणे. यास सहभागी निरीक्षण म्हणतात. महाराष्ट्रात याचे सर्वांत सुंदर उदाहरण पुस्तकी मानसशास्त्रज्ञांनी घालून दिलेले नाही, ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घालून दिले आहे. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाईंनी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, आणि पुढे ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत नेले. मुले शाळेत येत नसत. ‘यांना शिक्षणाची आवड नाही’ हा निष्कर्ष तयारच होता आणि तो काढणारेही पुष्कळ होते. या दोघींनी मात्र मुले शाळेत नसतात तेव्हा कोठे असतात, ते पाहिले. मुलगे कुरणावर गुरे राखीत होते. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घर सांभाळीत होत्या. तेव्हा शाळाच कुरणावर गेली आणि तिचे नाव कुरणशाळा झाले. भावंडांसाठी पाळणाघर निघाले, ते बालवाडीस व प्राथमिक शाळेस जोडले गेले, आणि त्या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले. ‘शाळेत येत नाही’ ही नोंद आणि ‘आवड नाही’ हा निष्कर्ष, यांच्यामधील रेघ त्यांना दिसली. त्या रेघेवर एक संपूर्ण शिक्षणपद्धती उभी राहिली. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या ज्या खुणा वाढतात, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहण्यास काही हरकत नसावी.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांनी भव्य विषय घेऊ नये. मधल्या सुट्टीत नळावर रांग लागते. दोन विद्यार्थ्यांनी दहा दिवस, रोज तीच दहा मिनिटे, एकमेकांपासून दूर उभे राहून, कोणी रांग मोडली, मोडणारा मोठ्या वर्गातील होता की लहान, मागच्यांनी हटकले की नाही, एवढेच लिहावे. संत्र्यांच्या हंगामात ज्यांचे वडील मालाच्या लिलावास जातात त्यांनी त्यांच्यासोबत जाऊन पाहावे की, बोली वाढविताना व्यापारी मालाकडे अधिक वेळा पाहतो की दुसऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे. पांढुर्णा स्थानकावर गाडी सुटण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत निरोप देणाऱ्या माणसांचे हात काय करतात, हाही विषय वाईट नाही. वहीचे पान मधोमध दुमडावे: डाव्या बाजूस दिसलेले, उजव्या बाजूस वाटलेले. नावे लिहू नयेत. ‘मुलगा १’, ‘मुलगा २’ असे लिहावे, आणि वही वर्गात फिरवू नये. पानाच्या डोक्यावर तारीख, वार, वेळ आणि आपण नेमके कोठे उभे होतो ते नोंदावे. पहिल्या दोन दिवसांत उजवी बाजू भरून जाईल आणि डावी जवळजवळ कोरी राहील. पाचव्या-सहाव्या दिवशी डाव्या बाजूस किती ओळी आल्या, त्या मोजून माझ्याकडे आणाव्या.